होडी कोणाची, मासळी कोणाची?



मंडळाच्या या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर, इतिहासावर बोलणारी मोठी माणसे येऊन गेली. त्या पंगतीत मासळीचा विषय घेऊन उभे राहताना संकोच वाटतो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "परदेशी मदतीतून मासेमारीचे प्रकल्प उभे राहतात, त्यांतले काही तगतात, बरेचसे बुडतात. असे का होते, यावर बोलेन." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, "चालेल. गोव्यात मासळीला श्रोते कमी पडणार नाहीत."

मी मच्छीमार नाही, मत्स्यशास्त्रज्ञही नाही. आयुष्यातली तीसेक वर्षे बँकेत गेली, त्यांतली निम्मी ग्रामीण कर्जविभागात. सोमवार सोडला तर घरात रोज हुमण शिजते, एवढाच माझा समुद्राशी वंशपरंपरागत संबंध. तरी या विषयाने मला गेली अनेक वर्षे सोडलेले नाही, आणि त्याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

१९८० च्या दशकात सरकारी अनुदान आणि बँकेचे कर्ज एकत्र करून गरिबांना उत्पन्नाचे साधन देण्याची योजना जोरात होती. कोणाला म्हैस, कोणाला शिलाई मशीन, किनाऱ्यावर होडी आणि जाळे. आमच्या शाखेकडे एका खारवी कुटुंबाचे प्रकरण आले. घरातले कर्ते गृहस्थ साठीचे होते. मी सारे नियमाने केले. जागेची पाहणी, होडी बांधणाऱ्याचे दरपत्रक, दोन जामीन, विमा. होडी पाण्यात सोडली त्या दिवशी नारळ फोडला, साहेबांबरोबर छायाचित्र निघाले. पहिले वर्षभर हप्ते आले, मग थांबले. तिसऱ्या वर्षी मी वसुलीला गेलो तेव्हा होडी गावातल्या एका मासळी व्यापाऱ्याच्या दारात उपडी घातलेली होती, आणि ते गृहस्थ तिच्यावर मजुरीने जात होते.

मी चिडून विचारले, हे काय केलेत? ते शांतपणे म्हणाले, "होडी म्हजी जाली, पूण नुस्तें ताचेंच उरलें." होडी माझी झाली, पण मासळी त्याचीच राहिली.

त्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. आज जे बोलणार आहे ते त्या वाक्यावरचे भाष्य आहे असे समजा.

अर्थ असा. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. घर चालवायला, लग्नकार्याला, आजारपणाला पैसा लागतो. बँक होडीला कर्ज देते, तांदळाला देत नाही. तांदळाला पैसे देतो तो किनाऱ्यावरचा व्यापारी. त्याला आपण उचल म्हणतो. या उचलीवर बहुधा व्याज लिहिलेले नसते, म्हणून ती दयाळूपणाची वाटते. तिची अट एकच असते: मासळी मलाच घालायची, आणि दर मी सांगेन तो. व्याज मासळीच्या दरातून कापले जाते. हंगाम चांगला गेला तरी उचल फिटत नाही, कारण ती फिटावी अशी देणाऱ्याची इच्छाच नसते. त्याला मुद्दल परत नको असते, रोजची मासळी हवी असते. अशा माणसाच्या हाती आम्ही नवी होडी दिली. मासळी वाढली, पण ती वाढ कोणाच्या पदरात पडली हे आता सांगायला नको.

मी प्रकरणात सगळे विचारले होते. मासळी कोणाला विकणार, हे विचारले नव्हते. अर्जाच्या नमुन्यात तसा रकानाच नव्हता.

निवृत्तीनंतर मी या विषयावरचे वाचायला लागलो. तेव्हा लक्षात आले की ही चूक माझ्या एकट्याची नाही. जगातल्या मोठमोठ्या, सद्हेतूने काम करणाऱ्या संस्थांनीही अर्जाचा तोच नमुना वापरला आहे.

यात सर्वांत गाजलेले उदाहरण केनियातले आहे. त्या देशाच्या वायव्येला, वाळवंटी मुलखात तुर्काना नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. आसपासचे तुर्काना लोक मुख्यतः पशुपालक. गाई, उंट, शेळ्या हीच त्यांची संपत्ती आणि हीच प्रतिष्ठा. ज्याची गुरे गेली तो सरोवराकडे वळतो, अशी तिथली रीत. नॉर्वे हा मासेमारीत मुरलेला देश. त्याच्या सरकारी मदतसंस्थेने १९७१ पासून इथे मच्छीमारी वाढवण्याचे काम हाती घेतले. दुष्काळात होरपळणाऱ्या लोकांना शाश्वत उपजीविका मिळावी, हा हेतू कोणालाही पटावा असाच होता. होड्या आल्या, सहकारी संस्था झाली, रस्ता झाला, आणि कालोकोल या गावी मासळी गोठवण्याचा आधुनिक कारखाना उभारला गेला. तो १९८१ मध्ये पूर्ण झाला आणि जेमतेम काही दिवस चालला.

कारण साधे होते. रणरणत्या उन्हात, डिझेलवर वीज तयार करून, स्वच्छ पाण्याचा तुटवडा असलेल्या जागी मासा गोठवायचा आणि शेकडो किलोमीटर दूर न्यायचा, तर खर्च माशाच्या किमतीपेक्षा जास्त होत होता. पुढे पाऊस कमी झाला, सरोवराची पातळी उतरली, आणि ज्या उथळ आखातातून बहुतेक मासळी येत असे ते १९८० च्या दशकाच्या मध्यास कोरडे पडले. गुरे सोडून किनाऱ्याला स्थायिक झालेली माणसे तिथेच अडकली. १९९० मध्ये वेगळ्याच राजकीय कारणावरून केनिया आणि नॉर्वे यांचे राजनैतिक संबंध तुटले आणि मदतही थांबली. कारखान्याच्या इमारतीचा उपयोग सुकी मासळी ठेवायला होऊ लागला.

या गोष्टीकडे बहुतेक लोक हसून पाहतात: वाळवंटात बर्फाचा कारखाना! मला मात्र तिच्या शेवटातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मासा उघड्यावर सुकवणे आणि विकणे हा धंदा तिथे चालू राहिला. ऊन फुकट होते, सुकी मासळी टिकत होती, तिचे गिऱ्हाईक ठरलेले होते. नव्या रस्त्याचा फायदाही त्या धंद्याला झाला. लोकांकडे जे आधीपासून होते त्याला ज्या गोष्टीने हात दिला ती टिकली. जी गोष्ट ते आधीपासून करत होते ते चुकीचे आहे असे गृहीत धरून आली, ती बंद पडली.

आता आपल्या देशात येऊ. कारखाना बंद पडला तर प्रकल्प फसला हे कोणालाही दिसते. पण यंत्र उत्तम चालले, उत्पादन वाढले, पैसा आला, आणि तरी ज्याच्यासाठी केले तो मागे राहिला, असे झाले तर काय म्हणायचे? केरळमधल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाची कथा अशी आहे.

ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला. नॉर्वेने एखाद्या गरीब देशाला अशी थेट मदत करण्याची ही पहिलीच वेळ. महायुद्धात स्वतः पोळलेल्या त्या छोट्या देशातल्या सामान्य माणसांनीही त्यासाठी वर्गणी दिली होती. जागा ठरली तेव्हाच्या त्रावणकोर-कोचीन राज्यातल्या कोल्लमजवळची: शक्तिकुळंगरा, पुत्तनतुरा आणि नींडकरा ही गावे. उद्दिष्टे चार होती. मच्छीमाराचे उत्पन्न वाढवणे, ताजी मासळी लोकांपर्यंत पोचवणे, आरोग्य सुधारणे, आणि एकूण राहणीमान उंचावणे.

दवाखाना निघाला, नळाचे पाणी आले, बर्फाचा कारखाना झाला, होड्या बांधण्याचा कारखाना झाला. पहिला बेत होता स्थानिक होड्यांनाच इंजिन बसवण्याचा. तो जमला नाही, म्हणून इंजिनाच्या नव्या होड्या बांधल्या आणि सवलतीच्या दराने मच्छीमारांच्या गटांना दिल्या. नायलॉनची जाळी आली. दवाखाना आणि नळ यांचा फायदा खराखुरा झाला, विशेषतः बायाबापड्यांना आणि तान्ह्या मुलांना. हे श्रेय त्या प्रकल्पाला दिलेच पाहिजे.

याच सुमारास एक गोष्ट अशी घडली की जी करारात कुठेच नव्हती. १९५३ मध्ये कोचीनहून गोठवलेली कोळंबी, म्हणजे आपली सुंगटे, अमेरिकेला जाऊ लागली. एरवी हंगामात जास्त झाली तर नारळाच्या बुंध्याशी खत म्हणून पडणारी ही वस्तू बघता बघता गुलाबी सोने झाली. ट्रॉल जाळे समुद्राच्या तळावरून ओढले की कोळंबी मिळते, आणि ते ओढायला इंजिनाची होडी लागते. ती होडी प्रकल्पाने तयार करून ठेवलेलीच होती. मग पैसेवाले आले. व्यापारी, निर्यातदार, ज्यांच्या पिढ्यांत कोणी वल्हे हातात धरले नव्हते असे लोक ट्रॉलरचे मालक झाले. लोकांच्या जेवणात ताजी मासळी यावी म्हणून सुरू झालेला प्रकल्प परदेशी पाहुण्यांच्या ताटात कोळंबी वाढण्याच्या कामी आला. १९६३ मध्ये त्याचे मुख्य ठाणे कोल्लमहून एर्नाकुलमला हलले आणि १९७२ मध्ये नॉर्वेची माणसे परतली.

या प्रकल्पाचा अभ्यास फार चांगला झाला आहे. नॉर्वेचेच मानववंशशास्त्रज्ञ अर्ने मार्टिन क्लाउसन यांचे १९६८ चे पुस्तक आहे, अर्थतज्ज्ञ जॉन कुरियन यांनी त्यावर सविस्तर लिहिले आहे, आणि लीला गुलाटी यांनी शक्तिकुळंगऱ्याच्या बायकांची आयुष्ये नोंदवली आहेत. शेजारशेजारच्या गावांना एकच मदत मिळाली, पण शक्तिकुळंगरा पुढे गेले आणि पुत्तनतुरा मागे राहिले. देणाऱ्याला सगळी गावे सारखी दिसतात. त्या गावांतली नातीगोती, पत, व्यापाऱ्यांशी असलेले संबंध, नदीच्या मुखाशी होडी नांगरायची सोय, यांतले काहीच सारखे नसते.

पुढे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांतून वाचत होतो. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरमुळे किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली. छोट्या होड्यांची जाळी ट्रॉलरखाली फाटू लागली. समुद्रात मारामाऱ्या झाल्या, रस्त्यावर उपोषणे झाली. १९८० मध्ये केरळने मासेमारी नियमनाचा कायदा केला आणि १९८८ पासून पावसाळ्यातली ट्रॉलबंदी लागू झाली. ज्यांच्यासाठी प्रकल्प होता त्यांची मुले त्याच प्रकल्पाच्या नातवंडांविरुद्ध लढत होती.

आणि श्रोतेहो, गोव्यात तरी वेगळे काय झाले? रांपण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. माझ्या वयाच्या लोकांनी सुट्टीत तिचा दोर ओढलाही असेल. डझनावारी माणसे दोन्ही बाजूंनी ओढायला लागायची. आलेल्या मासळीचे वाटे ठरलेले: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. वाटेवरून जाणारा हात लावून गेला तरी चार बांगडे घेऊन घरी जायचा. मुक्तीनंतर यांत्रिकीकरणासाठी कर्जे आणि अनुदाने आली. रांपणकाराकडे तारण नव्हते, ज्याच्याकडे तारण होते त्याने ट्रॉलर घेतला. १९७० च्या दशकात रांपणकार संघटित झाले, मातानी साल्ढाणा यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर उभे राहिले, आणि किनाऱ्यालगतचे ५ किलोमीटर पारंपरिक मच्छीमारांसाठी राखावेत ही मागणी १९८० च्या कायद्यापर्यंत पोचली. देशभरच्या मच्छीमारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली तिच्या मुळाशी गोव्याची ही चळवळ होती. कायदा कागदावर आला, अंमलबजावणीची कथा आपण जाणताच. आज रांपण बहुधा पर्यटकांना दाखवायला ओढतात.

मग यश कुठे आहे? निराश होऊ नका, ते केरळातच आहे, आणि कोल्लमपासून फार दूर नाही.

तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला मरियनाड नावाची मच्छीमारांची वसाहत आहे. १९६० च्या दशकात तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताच्या पुढाकाराने काही तरुण समाजसेवक, त्यांत काही स्त्रियाही, तिथे राहायला गेले. प्रकल्प घेऊन गेले असे म्हणता येणार नाही. बालवाडी, आरोग्य, बायकांची मंडळे अशी कामे करत ते तिथे वर्षानुवर्षे राहिले. बोलता बोलता लोकांनीच दुखणे कुठे आहे ते सांगितले: माझ्या त्या खारवी गृहस्थांनी मला सांगितले तेच. होडी नाही म्हणून आम्ही गरीब नाही, मासळी आपल्या मर्जीने विकता येत नाही म्हणून गरीब आहोत.

तेव्हा त्यांनी जी सहकारी संस्था काढली तिने कामाला सुरुवात होडीपासून केली नाही, लिलावापासून केली. आपल्याकडे ज्याला पावणी म्हणतात तीच. संस्थेचा स्वतःचा लिलाव करणारा किनाऱ्यावर उभा राहू लागला. मासळी वाळूवर उतरली की उघड बोली. खरेदीदार संस्थेला पैसे पुढे देईल, मच्छीमाराला संस्थेकडून ताबडतोब मिळतील. त्यातून ठरावीक टक्के कर्जफेडीचे, थोडे बचतीचे, थोडे संस्थेच्या खर्चाचे कापून घ्यायचे. सभासद कोण? जो स्वतः समुद्रावर जातो तोच. व्यापाऱ्याला, बसून खाणाऱ्या मालकाला दार बंद.

बँकवाला म्हणून मला यातली एक गोष्ट फार शिकवून गेली. कर्जाचा हप्ता मासळीच्या टक्क्यात. मासळी जास्त तर हप्ता जास्त, मासळी नाही तर हप्ता नाही. आमच्या बँकेचा हप्ता महिन्याच्या ५ तारखेला असे. समुद्राला ५ तारीख ठाऊक नसते. आम्ही थकबाकीदार म्हणून ज्यांची नावे लिहिली त्यांतले कितीजण केवळ आमच्या दिनदर्शिकेमुळे थकबाकीदार ठरले असतील, हा प्रश्न मला अजून टोचतो.

अशा संस्था गावोगाव झाल्या, त्यांचे जिल्हासंघ झाले, आणि १९८० मध्ये दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांचा महासंघ तिरुवनंतपुरमला नोंदला गेला. परदेशी मदत इथेही आली, हे मुद्दाम सांगतो. माझे बोलणे मदतीविरुद्ध नाही. प्लायवूड शिवून बनवलेल्या हलक्या होड्यांचे तंत्र परदेशी तंत्रज्ञांच्या साहाय्याने तयार झाले, इंजिने बाहेरून आणली, दुरुस्तीच्या कार्यशाळा निघाल्या. फरक क्रमाचा होता. आधी लिलाव हातात आला, मग बचत, मग कर्ज, मग होडी. होडी आली तेव्हा तिच्यावर मिळणारी मासळी कोणाची, हे ठरून गेलेले होते.

त्यांचे सगळे गोड झाले असेही नाही. इंजिने आली तशी चढाओढ लागली. शेजाऱ्याचे इंजिन मोठे म्हणून माझे मोठे, आणि मग इंधनाचा खर्च मासळी खाऊ लागला. शिवाय सुरुवातीला मच्छीमार म्हणजे पुरुष, असे धरून चालले होते. मासळीचा पैसा करते ती बाई, तिचे काय? डोक्यावर पाटी घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या या बायकांना बसमध्ये चढू देत नसत, वास येतो म्हणून. त्या संघटित झाल्या, रस्त्यावर आल्या, आणि १९८० च्या सुमारास त्यांच्यासाठी स्वतंत्र बस सुरू करायला त्यांनी सरकारला भाग पाडले. एक बस! कोणत्याही देणगीदाराच्या यादीत ती नव्हती. मडगावच्या बाजारात बसणाऱ्या आपल्या मासळीवाल्या बाईला विचारा, तुला काय हवे? ती होडी मागणार नाही. सावली, पाणी, शौचालय आणि पहाटेचे वाहन मागेल.

यानंतर २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली. तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त झाला आणि जगाचे हृदय द्रवले. संस्था, कंपन्या, देश, सगळे द्यायला धावले. आणि प्रत्येकाला होडीच द्यायची होती. होडीवर नाव रंगवता येते, होडीचे छायाचित्र येते. फायबरच्या होड्या इतक्या आल्या की कित्येक ठिकाणी त्सुनामीपूर्वी होत्या त्याहून जास्त झाल्या. काल खलाशी असलेला आज मालक झाला, हे ऐकायला किती छान! पण सगळेच मालक झाले तर वल्ही कोणी मारायची? होड्या माणसांअभावी वाळूवर पडून राहिल्या. घाईत बांधलेल्या काही समुद्रात टिकल्याही नाहीत. मासळी तेवढीच, होड्या जास्त, मग प्रत्येकाच्या वाट्याला कमी. त्या वेळी ज्या महासंघाचा मी उल्लेख केला त्याने दुरुस्तीची केंद्रे उघडली. मोडलेली होडी, मोडलेले इंजिन आणा, नीट करून घेऊन जा. जे होते ते लवकर पुन्हा उभे करणे, एवढेच. दुरुस्त केलेल्या होडीवर देणगीदाराचे नाव घालता येत नाही. म्हणून असे काम कमी होते, आणि म्हणून ते अधिक मोलाचे असते.

आतापर्यंत पकडण्याबद्दल बोललो. शेवटचे उदाहरण न पकडण्याचे आहे. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावर वेझो नावाचे समुद्रावर जगणारे लोक आहेत. आंदावाडोआका या त्यांच्या गावात ओहोटीला बायका प्रवाळाच्या खडकांत काठीने ऑक्टोपस शोधतात. आपल्याकडे ओहोटीला तिसऱ्या वेचतात तसेच. निर्यातीचा व्यापारी आला, मागणी वाढली, ऑक्टोपस लहान होत गेले. एका ब्रिटिश संस्थेने गावाशी बोलून असे सुचवले की एक तुकडा काही महिने बंद ठेवून बघू. २००४ च्या अखेरीस एका बेटाभोवतालचा भाग सुमारे सात महिने बंद राहिला. ऑक्टोपस फार झपाट्याने वाढणारा प्राणी आहे. बंदी उठली तेव्हा हाती लागलेले ऑक्टोपस चांगले मोठे होते.

पण झाले असे की उघडण्याच्या दिवशी आसपासच्या गावांतूनही लोक आले आणि राखणाऱ्यांच्या वाट्याला अपेक्षेपेक्षा कमी आले. इथे एखादा प्रकल्प मोडला असता. या लोकांनी काय केले? शेजारच्या गावांना बरोबर घेतले. त्यांच्याकडे 'दिना' नावाचा गावांनी मिळून करायचा पारंपरिक दंडक आहे. आपल्या गांवकरीच्या ठरावासारखा. तो वापरून कोणता भाग कधी बंद, कधी खुला, मोडणाऱ्याला दंड काय, हे त्यांनी ठरवले. २००६ मध्ये पंचवीसच्या आसपास गावांनी मिळून आपल्या समुद्राला एक नाव दिले, त्याचा अर्थ होतो 'समुद्रासोबत जगणे'. देणाऱ्याने तिथे कल्पना दिली, मोजणीचे शास्त्र दिले, पगारी माणसे दिली. नकार देण्याचा अधिकार मात्र गावाचा राहिला. समुद्रात कोणी, कधी, कशाने मासे मारायचे नाहीत हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, समुद्र त्याचा.

हे आपल्याला परके आहे का? आपल्या खाजनांतली मानस आठवा. भरती-ओहोटीच्या पाण्यावर फळ्या घालणारी, काढणारी ती व्यवस्था. मानशीवरच्या मासळीची दरवर्षी पावणी व्हायची आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला जायचा. मासळी, शेत आणि बांध एकाच हिशेबात बांधलेले होते, आणि तो हिशेब गावापुढे उघडा होता. जिथे पुढे मासळीचा पैसा महत्त्वाचा झाला आणि बांध विसरला, तिथे खारे पाणी शेतात शिरले. कोणत्याही परदेशी तज्ज्ञाने याहून चांगला धडा आपल्याला दिलेला नाही.

आणि शेजारच्या सिंधुदुर्गात पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने गेल्या दशकात तिथे किनाऱ्यावरच्या जैवविविधतेचा एक प्रकल्प झाला. खेकडे, कालवे, चौकोनी आसाची जाळी, अशी अनेक कामे त्यात होती. त्यातलेच एक वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतले. 'स्वामिनी' हा बायकांचा गट वल्हवायच्या होडीतून लोकांना खारफुटी दाखवायला नेऊ लागला. पैसे घेणाऱ्या त्याच, दर ठरवणाऱ्या त्याच. आकाराने लहान गोष्ट आहे. पण माझ्या त्या जुन्या अर्जात जो रकाना नव्हता, तो इथे भरलेला आहे.

आता समारोप करतो. आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली आहेत, आणि आपण देणारे लोक आहोत. देवळाला देतो, शाळेला देतो, पूर आला की गावाला देतो. परदेशातली आपली मुले आता म्हणतात, बाबा, गावच्या मच्छीमारांसाठी काही करूया. सरकारी योजनाही आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि स्त्रियांना, अनुसूचित जातीजमातींना ६० टक्के साहाय्य ठेवले गेले. पैसा आहे. म्हणून विनंती एवढीच की देण्यापूर्वी किनाऱ्यावर बसा, आणि लगेच उठू नका. मासळी वाळूवर उतरली की पहिला हात कोणाचा लागतो ते बघा. भाव कोण बोलतो ते ऐका. पावसाळ्यात तांदूळ कोणाच्या उधारीचा येतो ते विचारा. आपण निघून गेल्यावर इंजिन कोण दुरुस्त करणार, हे विचारा. आणि घरातल्या बाईला वेगळे विचारा, नवऱ्यासमोर नव्हे. याची उत्तरे मिळाली की काय द्यायचे ते आपोआप कळेल. कदाचित ती होडी असेल. कदाचित वजनकाटा असेल, बर्फाची पेटी असेल, नाहीतर जुनी उचल फेडायला एकरकमी पैसे असतील.

त्या खारवी गृहस्थांचे कर्ज अखेर बँकेने बुडीत म्हणून लिहिले. कागदोपत्री बुडाला तो पैसा बँकेचा. खरे बुडाले होते ते त्यांचे तीन हंगाम आणि गावातली पत. ते आता नाहीत. मी त्यांना सांगू शकलो असतो तर एवढेच सांगितले असते की तुमचे वाक्य मला उशिरा कळले, पण कळले.